व्हेंटिलेशन स्कॅनला आजोबा खोकले, माझ्या मास्कवर काउंट आले. हे टीएलडीत (अंगावर लावायच्या रेडिएशन बॅजमध्ये) दिसेल का?

हॉटलॅब_दोन · गुरुवार, रात्री 10:40

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी रुग्णालयात न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, सहा वर्षं झाली. बोन, थायरॉइड, रीनल स्कॅन डोळे मिटून करते. व्हेंटिलेशनच्या (श्वासातून औषध देऊन फुफ्फुसांचा स्कॅन) केसेस मात्र महिन्यातून एक-दोनच येतात आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

आजचे पेशंट 72 वर्षांचे आजोबा. अचानक दम लागलेला, डी-डायमर वाढलेला, म्हणजे फुफ्फुसात रक्ताची गाठ असल्याचा संशय. क्रिएटिनिन 2.9. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायला किडनीचे डॉक्टर तयार होईनात, म्हणून केस आमच्याकडे आली. नेहमीसारखं नेब्युलायझरमध्ये 30 मिलिक्युरी टेक्नेशियम-डीटीपीए हे किरणोत्सर्गी औषध भरलं, 3 मिली करून. ऑक्सिजन 9 लिटरवर, किट शिशाच्या डब्यात, आजोबांच्या नाकाला क्लिप. "नळी ओठांत घट्ट धरा आणि निवांत श्वास घ्या," एवढंच सांगितलं. पण वॉर्डातून पाठवताना कुणीतरी त्यांची कवळी काढून घेतली होती, एंडोस्कोपीला काढतात तशी. बोळक्या तोंडात माउथपीस बसेना. कडेने फुसफुस ऐकू यायला लागली. मग मी जे करू नये तेच केलं. शेजारी वाकून, हाताने त्यांचे ओठ नळीवर दाबून धरले.

दोन-अडीच मिनिटं बरी गेली. मग त्यांना उबळ आली, नळी तोंडातून सुटली आणि ते माझ्या तोंडासमोरच खोकले. ऑक्सिजन चालूच. वाल्व माझ्या मागच्या बाजूला. वळून बंद करेपर्यंत आठ-दहा सेकंद गेले असतील.

इमेज मात्र छान आल्या, त्याचं श्रेय आजोबांना. नंतर शिरेतून एमएए देऊन परफ्यूजनही (फुफ्फुसातल्या रक्तप्रवाहाचा स्कॅन) झालं. त्यांना परत पाठवल्यावर मी कंटॅमिनेशन मॉनिटर हातात घेतला, किरणोत्सर्गी औषध कुठे सांडलंय ते काउंटमध्ये दाखवतो तो. बॅकग्राउंड, म्हणजे काही सांडलेलं नसतानाचा आकडा, सेकंदाला 3-4. ग्लोव्ह्जवर 600, सर्जिकल मास्कच्या बाहेरून 180, कपाळावरच्या केसांत 40. ग्लोव्ह्ज-मास्क टाकले, कोट बदलला, हात-तोंड धुतलं, नाक शिंकरलं. त्या टिश्यूवरही काउंट! तेव्हा मात्र धस्स झालं. म्हणून गंमत म्हणा, भीती म्हणा, गामा कॅमेऱ्यासमोर छाती लावून एक मिनिट उभी राहिले. रिकाम्या कॅमेऱ्याला सेकंदाला 9 काउंट, माझ्यासमोर 33. खोकल्यानंतर साधारण 40 मिनिटांनी. आजोबांच्या फुफ्फुसांचे त्याच कॅमेऱ्यावर 1800 होते.

आणखी दोन गोष्टी झाल्या. पुढची पेशंट बोन स्कॅनची, स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या एक बाई. त्यांच्या डाव्या खांद्याजवळ टपोरा ठिपका आला. आमच्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मला उशी आठवली. अभ्रा बदलून परत घेतलं तर ठिपका गायब. दुसरं म्हणजे मावशींनी खोली पुसली आणि तेच फडकं घेऊन कॉरिडॉरही पुसला. बेसिनपाशी मॉनिटर ओरडला तेव्हा कळलं. मावशींकडे बॅजच नाही.

विभागप्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, "टेक्नेशियमच आहे, सहा तासांत निम्मं होतं, रजिस्टरमध्ये कशाला?" वर एक सल्ला, "पुढच्या वेळी लेड एप्रन घाल."

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. मी नक्की किती घेतलं? ते तीन महिन्यांनी टीएलडीच्या रिपोर्टात दिसेल का? आणि एप्रनने यातलं काय थांबलं असतं? चौथी गोष्ट माझ्यासाठी नाही. माझ्या जोडीदार टेक्नॉलॉजिस्टला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे, विभागात अजून कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या केसला ड्युटी तिची आहे.

---

चहा_बिस्कीट · गुरुवार, रात्री 11:05

ताई, टेन्शन नका घेऊ. आम्ही नव्वदच्या दशकात हातात सिरिंज धरून फिरायचो, काही झालं नाही. रोज गूळ-शेंगदाणे आणि ग्लासभर दूध.

---

जुना_आरएसओ · शुक्रवार, सकाळी 6:20

वर दूध सुचवलंय. त्याऐवजी पाणी प्यायला हवं होतं आणि दर तासाला लघवीला जायला हवं होतं. डीटीपीए फुफ्फुसातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. न ओढणाऱ्या माणसात तासाभरात साधारण निम्मं जातं, विडी-सिगारेटवाल्यात वीस-पंचवीस मिनिटांतच. हे जाताजाता.

आता ताई, तुमचं गणित. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं सुचलं याबद्दल शाबासकी. तीस वर्षं हे काम केलं, पण आपल्याच विभागात एवढा चांगला मोजमापाचा कॅमेरा उभा असताना स्वतःला त्यासमोर लावणारे लोक हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच भेटले.

आजोबांच्या फुफ्फुसात अंदाजे 0.8 मिलिक्युरी धरू, म्हणजे दुसऱ्या एककात 30 मेगाबेक्रेल. त्याला 1800 काउंट. तुमचे 33 वजा 9, म्हणजे 24. तीस गुणिले चोवीस भागिले अठराशे, झालं 0.4 मेगाबेक्रेल. चाळीस मिनिटं गेली होती, तोवर थोडं रक्तात उतरलं असणार, म्हणून सढळ हाताने दुप्पट करू, 0.8. डीटीपीए एरोसोल श्वासातून गेलं तर एका मेगाबेक्रेलला साधारण 0.006 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या डोसचं एकक) बसतात. म्हणजे तुमचा डोस झाला पाच मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. त्यातले काही काउंट तुमच्या केसांतले आणि कपड्यांवरचेही असतील, म्हणजे खरा आकडा याहून कमीच.

पाच मायक्रोसिव्हर्ट म्हणजे किती? निसर्ग आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट देतो, दिवसाला साडेसहा मायक्रो. तुम्ही गुरुवारी एक दिवस जास्तीचा जगलात असं समजा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30. तिथून तुम्ही फार लांब आहात. झोपा निवांत.

एवढं म्हटल्यावर आता रागवायचं ते रागावतो.

टीएलडी हे सांगणार नाही. बॅजमधल्या चकत्या बाहेरून अंगावर येणारं मोजतात. तुम्ही ओढून घेतलेल्या 0.8 मेगाबेक्रेलची त्यांना खबरही लागत नाही. उलट तुमच्या बॅजवरच शिंतोडे उडाले असतील तर तो फुगीर आकडा दाखवेल, आणि मग तुम्हालाच खुलासा लिहीत बसावं लागेल. बॅज मॉनिटरसमोर धरून पाहिला का? हात, मास्क, केस सगळं लिहिलंत, बॅजचं लिहिलं नाहीत. म्हणूनच रजिस्टरमध्ये नोंद हवी. तारीख, किती भरलं, काय झालं, कुठे किती काउंट, कॅमेऱ्याचे तिन्ही आकडे. तुमच्या आरएसओची (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची) सही घ्या. विभागप्रमुख "कशाला" म्हणाले तर म्हणा, बॅजचा आकडा वाढून आला तर खुलाशाला हेच पान लागेल. "सहा तासांत निम्मं" हे खरं आहे, पण त्या सहा तासांत दुसऱ्या पेशंटच्या खांद्यात मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) दिसू शकतो हेही तितकंच खरं आहे. मला तुमच्या पाच मायक्रोसिव्हर्टपेक्षा त्या बाईंच्या खांद्याची जास्त धास्ती वाटते. तुम्हाला उशी आठवली नसती तर?

एप्रन. अर्धा मिलिमीटर शिसं टेक्नेशियमच्या 140 केईव्ही गामाचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग अडवतं, म्हणजे अगदीच निरुपयोगी नाही. पण तुमचा प्रश्न बाहेरच्या गामाचा नव्हताच, हवेचा होता. नाकातून आत गेलेल्याला एप्रन काय करणार? बाहेरच्याचाच विचार करायचा तर 30 मिलिक्युरी उघडं ठेवलं तरी एक मीटरवर तासाला वीस-बावीस मायक्रोसिव्हर्ट. तेच एक फुटावर अकरापट. तुम्ही वाकून हाताने ओठ धरलेत, म्हणजे स्वतःच जवळ गेलात. डबा शिशाचा असतो, नळी आणि माउथपीस नसतं.

खरी चूक त्याच्याही आधीची आहे. तुम्ही 30 भरता, फुफ्फुसात जेमतेम एक जातं. उरलेलं सगळं किटमध्ये, फिल्टरमध्ये आणि गळती झाली तर खोलीत. एकोणतीस भाग कुठे जातात याचा बंदोबस्त करणं हीच व्हेंटिलेशनची रेडिएशन सेफ्टी. तो बंदोबस्त औषध भरण्याआधी करायचा असतो.

आम्ही असा करायचो. रिकाम्या किटवर, नुसत्या ऑक्सिजनवर, पेशंटकडून पाच मिनिटं सराव. उबळ यायची असेल तर तेव्हाच येते. कवळी असेल तर तोंडात बसवून घ्यायची. वॉर्डाला निरोपातच सांगायचं. ओठ जमतच नसतील तर घट्ट बसणारा फेस मास्क, पण मग चेहऱ्यावर आणि गिळून पोटात जातं हे धरून चालायचं. ऑक्सिजनचा वाल्व माझ्या हाताशी, माझ्या पाठीमागे नाही. संपवताना आधी ऑक्सिजन बंद, मग त्याच नळीतून चार-पाच श्वास, मग नळी बाहेर. लगेच ओठ पुसून, चूळ भरायला लावून ती टिश्यूत. अख्खं किट, नळीसकट, झिपच्या पिशवीत. उशीवर आणि डिटेक्टरवर प्लास्टिक, दर व्हेंटिलेशननंतर फेकायचं. आणि उभं राहायचं पेशंटच्या खांद्यामागे, हवा जिकडून येते त्या बाजूला. समोर कधीच नाही.

हवेवरून आठवलं. खोलीत पंखा चालू होता का? एसी स्प्लिट असेल तर तो आतलीच हवा फिरवतो. एक मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत तासाला जेमतेम अर्धी वीत खाली येतो. म्हणजे "पाच मिनिटांत बसेल" हे मनातून काढा. तो बसत नाही, एक्झॉस्टने बाहेर काढावा लागतो. सर्जिकल मास्क त्याच्यासाठी नाही, कडा मोकळ्या असतात. नीट बसवलेला एन-95 घाला.

जोडीदारणीचं काय, ते वेगळं लिहितो. आता फिरायला जायचंय.

---

मेलबर्नकर · शुक्रवार, सकाळी 7:50

सरांनी एवढं लिहिलंय की मी फक्त इकडची गंमत सांगते. मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं मेलबर्नमध्ये याच कामात. इथे डीटीपीएचं नेब्युलायझर मी हातात घेतलेलंच नाही, सगळं टेक्नेगॅसवर चालतं. ते मुळात इथलंच, 1980च्या दशकात कॅनबेरात निघालेलं. ग्रॅफाइटच्या छोट्या होडीत टेक्नेशियम सुकवतात आणि आर्गॉनमध्ये काही सेकंद अडीच हजार अंशांच्या वर तापवतात. कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, जवळपास वायूसारखेच वागतात. दहा मिनिटांत वापरायचं, नाही तर कण एकमेकांना चिकटायला लागतात. पेशंटला तीन-चार श्वास पुरतात, म्हणून नळी तोंडात धरायचा वेळ कमी आणि गळतीची संधीही कमी. अमेरिकेत याला परवानगी मिळायला 2023चा सप्टेंबर उजाडला.

पण "टेक्नेगॅस आलं की प्रश्न मिटला" असं कुणी सांगितलं तर हसा. हे कण डीटीपीएसारखे लघवीतून जात नाहीत, फुफ्फुसातच बसून राहतात. त्यामुळे श्वासातून गेलेल्या प्रत्येक मेगाबेक्रेलला 0.015 मिलिसिव्हर्ट, डीटीपीएच्या अडीचपट. खोकणारे आजोबा इथेही असतात. पहिल्या वर्षी एका बाईंनी श्वास रोखून धरायच्या ऐवजी "ओके?" असं मलाच विचारलं होतं, नळी बाहेर काढून. त्या दिवशी माझ्या चष्म्याच्या काचांवर काउंट होते.

आमच्याकडे एक शिस्त आहे ती उचला: खोलीच्या दाराबाहेर मॉनिटर टांगलेला, आणि कोणीही बाहेर पडताना हात-पाय दाखवल्याशिवाय पडत नाही. सफाईवालेसुद्धा. तुमच्या मावशींचं फडकं दारातच पकडलं गेलं असतं.

---

छातीवाला_डॉक्टर · शुक्रवार, दुपारी 2:15

पाठवणाऱ्यांच्या बाजूने दोन ओळी. प्रत्येक वेळी व्हेंटिलेशन लागतंच असं नाही. परफ्यूजन आधी केलं आणि ते नॉर्मल आलं, तर फुफ्फुसातल्या रक्ताच्या गाठीचा संशय तिथेच संपतो. कोविड आला तेव्हा मार्च 2020पासून जगभर बऱ्याच विभागांनी व्हेंटिलेशन बंदच ठेवलं, कारण हेच: खोकला आणि हवेतले थेंब. परफ्यूजन आणि साधा लो-डोस सीटी यांवर भागवलं. गरोदर पेशंटला आम्ही आजही परफ्यूजनपासूनच सुरुवात करा म्हणतो. मात्र ज्यांना आधीच सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार) आहे त्यांच्यात परफ्यूजनचे खड्डे कशाचे ते व्हेंटिलेशनशिवाय कळत नाही. तेव्हा केस घेताना आम्हाला फोन करत चला, भांडण होणार नाही.

कवळीबद्दल आमच्या वॉर्डातर्फे माफी. चेकलिस्टमध्ये "दागिने, कवळी काढा" असंच छापलेलं असतं, सगळ्या तपासण्यांना एकच कागद.

---

जुना_आरएसओ · शुक्रवार, संध्याकाळी 7:30

आता तुमच्या जोडीदारणीबद्दल. तिने आधी सांगायला हवं, आणि ते तिनेच. तुम्ही नाही. गरोदरपण कळवलं की उरलेल्या काळात बाळाला 1 मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे साध्या नागरिकाला लागू असलेलीच मर्यादा. कळवलं म्हणून घरी बसवायचं नसतं, काम बदलून द्यायचं असतं. हे तिला आधी सांगा, कारण बहुतेक मुली नोकरीच्या भीतीनेच गप्प बसतात. हॉट लॅबमध्ये जनरेटर काढणं (त्यातून टेक्नेशियम काढणं), व्हेंटिलेशन, आयोडीन थेरपी, सांडलेलं पुसणं, हे तिच्याकडून काढून घ्या. हाडांची घनता मोजायचं मशीन, अपॉइंटमेंट, प्रोसेसिंग, इमेजचं काम द्या. टीएलडी तिमाहीला येतो, तोवर वाट बघण्यात अर्थ नाही. वाचता येणारा इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर मिळतो, तो पोटाच्या उंचीवर लावा, रोज लिहा.

तुमच्या गुरुवारी ती उभी असती तर बाळाला काही मोठं झालं असतं का? पाच मायक्रोसिव्हर्टने नाही. पण सांडणं, खोकणं हे ठरवून होत नाही, आणि ठरवून न होणाऱ्या कामावर तिला ठेवायचं नसतं.

आणि चहा_बिस्कीट, नव्वदच्या दशकात आम्हीही हातात सिरिंज धरली. माझ्या हाताच्या बोटांचे तेव्हाचे आकडे कुणी मोजलेच नाहीत, म्हणून "काही झालं नाही" एवढंच आपण म्हणू शकतो.

---

चहा_बिस्कीट · शुक्रवार, रात्री 9:10

सर, मान्य. शेंगदाणे मागे घेतो.

---

हॉटलॅब_दोन · तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री 9:55

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण पुढची केस आजच आली. ती करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बॅजचं विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी धरून पाहिला, स्वच्छ. एप्रनखाली होता ना, असं कुणी म्हणण्याआधी सांगते, एप्रन घातलाच नव्हता, कोटाच्या खिशाला आतून लावला होता. नोंद केली. आरएसओंनी सही केली आणि विभागप्रमुखांसमोर ते पान वाचूनही दाखवलं, खांद्याच्या ठिपक्यासकट. तिथे मात्र सगळे गप्प झाले.

जोडीदारणीला सरांचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला. तिने दुसऱ्या सोमवारी पत्र दिलं. आता ती डेक्सावर (हाडांची घनता मोजायच्या मशीनवर) आहे आणि मी तिच्या वाट्याचं जनरेटर काढते, त्याबद्दल रोज एक चहा वसूल करते.

गुरुवारची चादर, अभ्रा, फडकं पिशवीत बांधून डिके रूममध्ये (किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत ठेवायची खोली) टाकलं होतं. सोमवारी सकाळी मॉनिटर लावला, बॅकग्राउंड. पंधरा हाफ-लाइफ झाले होते. मावशींना दाखवलं. त्यांचा प्रश्न होता, "मग बादलीतलं पाणी मी त्या दिवशी मोरीत ओतलं त्याचं काय?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, आरएसओंनी दिलं: त्यातही तेवढाच वेळ, पण पुढच्या वेळी आधी मॉनिटर, मग बादली. आता त्या खोलीचं फडकं लाल दोरा बांधून वेगळं केलंय. मावशींच्या बॅजचा अर्ज एचआरकडे गेलाय.

आजच्या पेशंट 66 वर्षांच्या काकू. वॉर्डाला सकाळीच फोन केला, कवळीसकट पाठवा. कोरडा सराव घेतला तेव्हा तिसऱ्या मिनिटाला उबळ आली! किट रिकामं होतं, कोणाचं काही गेलं नाही. पाणी प्यायला दिलं, पाठीमागे दोन उश्या लावल्या, परत सराव. मग भरलं. मी खांद्यामागे उभी, वाल्व हातात. काढल्यावर ग्लोव्ह्जवर 45, मास्कवर बॅकग्राउंड, उशीच्या प्लास्टिकवर 70, ते लगेच पिशवीत. कॅमेऱ्यासमोर मी: रिकाम्याला 8, मला 9.

राहिला एक्झॉस्ट. आमच्या खोलीत स्प्लिट एसीच आहे. मागणीचा कागद मेंटेनन्सकडे गेला, ते विचारतात तासाला किती वेळा हवा बदलायची ते लिहून द्या, आणि आत्ता किती बदलते ते मोजून द्या. महाराष्ट्रात कुणी आपल्या स्कॅन रूमची हवा मोजून घेतली असेल तर कशी मोजली आणि साधारण किती खर्च आला, सांगाल का?